सुमनताईंचा कोबा

१

कोब्यावर इपॉक्सी चढवायचं काम घर सारवण्यासारखंच असतं. आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची, मागे मागे सरकत दाराशी यायचं, बाहेर पडायचं आणि कुलूप घालायचं. जो हे उलटं करतो तो स्वतःलाच कोपऱ्यात कोंडून घेतो आणि सुकेपर्यंत बगळ्यासारखा उभा राहतो. असा एक शहाणा मी पाहिला आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण तो मीच होतो.

ही विद्या मी पिंपरीतल्या एका औषध कंपनीत शिकलो. तिथे जमिनीवर धूळ चालत नसे, म्हणून सिमेंटच्या कोब्यावर हे काचेसारखं रसायन चढवत. दोन डबे असतात. एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. वजन करून एकत्र घोटायचं आणि अर्ध्या तासात संपवायचं, नाहीतर डब्यातच दगड होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराजवळच्या कोपऱ्यात अंगठा दाबून पाहायचा. ठसा उमटला तर अजून ओलं आहे, नाही उमटला तर पुढचा हात मारायला मोकळे. यंत्रबिंत काही नसतं, अंगठा हेच यंत्र.

सहा वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली काढून १९८० च्या डिसेंबरात मी त्याला रामराम ठोकला. संत तुकाराम नगरातल्या आमच्या खोलीत त्या दिवशी प्रभावतीने, म्हणजे माझ्या बायकोने, शिरा केला आणि म्हणाली, "आता स्वतःचं नाव लावून काम करायचं, भीमराज कोटिंगवाले." नाव लावण्याइतकं काम मात्र एकच हातात होतं. मोरवाडीच्या पुढचं सुमनताईंचं गॅरेज.

२

सुमनताईंचे यजमान मालोजीराव हे जुने मेकॅनिक. ते वारून वर्ष झालं होतं. दिराचं म्हणणं, बाईमाणसाने गॅरेज कशाला चालवायचं, शेड बटाट्याच्या गोदामाला देऊन टाकावी आणि वहिनींनी गावी यावं. ताईंनी दम धरला होता. मालोजीरावांच्या हाताखालचे खंडूभाऊ अजून टिकून होते, चाकणचे कांद्याचे टेम्पो अधूनमधून येत होते. पण तेवढ्यावर गॅरेज काही जगणार नव्हतं.

आता एका कंपनीच्या अकरा बसगाड्यांचं काम मिळायची आशा होती. कामगारांना आणणाऱ्या-सोडणाऱ्या मोठ्या बस. कंपनीचे अधिकारी यशवंतराव शनिवारी जागा पाहायला येणार होते आणि त्यांची पहिली अट होती, जमीन स्वच्छ हवी, तेल मुरलेली चालणार नाही.

"शनिवारी त्यांना आवडलं तर गॅरेज राहतं," ताई मला म्हणाल्या. "नाही आवडलं तर संक्रांतीला मी गावी. म्हणून तुम्हाला बोलावलंय, भीमराजभाऊ. मला आरशासारखी जमीन द्या."

"आरशात तोंड बघाल, ताई," मी म्हणालो. पहिलं काम म्हटलं की माणूस जरा जास्तच बोलतो.

सोमवार-मंगळवार आम्ही कोबा घासला, तेल काढलं, ॲसिडने धुतला, वाळवला. कोबा आतून पोकळ आहे का हे हातोडीने ठोकून पाहायचं असतं. मी ठोकलं, पण कडेकडेने. मधे जॅकवर चढवलेला टेम्पो होता, आणि तो हलवला तेव्हा मला घाई झाली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा एवढा वाटा आहे.

बुधवारी दुपारी पहिला हात मारला. राखाडी, तुळतुळीत. दाराशी येऊन शटर ओढलं, कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात.

३

गुरुवारी सकाळी अंगठा लावला. ठसा उमटला नाही. बूट काढून मी मोज्यांवर आत गेलो आणि शेडच्या मधोमध मला एक फोड दिसला.

फोड येतात. कोब्यात ओल राहिली की ती वर यायला बघते आणि रंगाला फुगवते. मी खाली बसून पाहिलं. रुपयाच्या नाण्याहून जरा लहान, लांबट. पत्र्याच्या उलथन्याने खरवडायला गेलो तर फोड फुटेना. आत पोकळ नव्हताच, भरीव होता. वरच्या झरोक्यातून ऊन तिरपं पडत होतं आणि त्या उजेडात फोडावर रेघा दिसल्या. बारीक, वळणावळणाच्या, एकात एक.

मी माझा अंगठा त्याच्या शेजारी धरला. ठसाच होता तो. पण आपण दाबतो तेव्हा ठसा खाली जातो. हा वर आला होता.

आमच्या घरात भुतंखेतं मानत नाहीत. वडिलांनी आम्हाला लहानपणापासून एकच शिकवलं, आधी विचार, मग भीती. म्हणून मी विचार केला. रोलर फिरवताना कुठेतरी हात लागला असेल, खड्डा पडला असेल, त्यात आणखी रसायन भरलं असेल. खड्डा भरला तर सपाट होतो, ठसा होत नाही, हे मला कळत होतं. पण विचार केल्याचं समाधान मिळालं.

"काय न्याहाळताय, मिस्त्री?" दारातून खंडूभाऊंनी विचारलं.

"फोड आलाय. घासून टाकतो."

"थंडीनं आमाला बी येत्यात," ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसत चहा सांगायला गेले.

मी पॉलिश पेपरने तो फोड घासून सपाट केला. घासताना हात उगीचच हळू चालत होता. मग दुपारी दुसरा हात मारला, पहिल्याहून जाड, आणि शटर ओढलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. अशी सवय मला कधीच नव्हती.

४

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी शटर वर केलं आणि तिथेच उभा राहिलो.

ऊन आत येऊन जमिनीवर लोळत होतं. आरसाच झाला होता अगदी, छपराचे पत्रे त्यात उलटे दिसत होते. आणि त्या आरशावर फोड होते. एक नाही, दोन नाहीत. दारापासून चार हातांवर सुरू होऊन आत जाणारी एक ओळ, तिच्यापासून तीन फुटांवर दुसरी ओळ. दोन्ही ओळी सरळ, सुतळी धरून आखल्यासारख्या. पलीकडच्या टोकाला त्या एकमेकींना जोडलेल्या.

ओल अशी रांगेत येत नाही. ओलीला सुतळी धरता येत नाही.

जमिनीवर कुणी चाललेलं नव्हतं. ओल्या इपॉक्सीवर मांजर गेलं तरी पाऊल राहतं, आणि इथे एकही पाऊल नव्हतं. कोटिंग सुकलंय की नाही हे तर पाहायलाच हवं होतं, म्हणून मी नेहमीप्रमाणे दाराजवळच्या कोपऱ्यात उकिडवा बसलो. त्या कोपऱ्याच्या खाली नुसता मुरूम आहे, त्यावर खडी, त्यावर कोबा. सोमवारी मी स्वतः ठोकून पाहिला होता.

अंगठा टेकवला. कोटिंग अजून मऊ होतं, साईसारखं. मी किंचित दाबलं.

खालून कुणीतरी दाबलं.

जोरात नाही. बोलणाऱ्या माणसाला गप्प करायला आपण त्याचा हात हलकेच दाबतो, तेवढंच. मी दाबलं तेवढंच, माझ्याच अंगठ्यावर, त्याच जागी. क्षणभर अंगठ्याला अंगठा लागून राहिला. मग खालचा सरकला, माझ्या अंगठ्याखालून त्या ओळींच्या दिशेने, आणि गेला. पृष्ठभागावर बोटभर लांब उंचवटा राहिला.

मी मागे पडलो तो थेट रस्त्याच्या कडेच्या धुळीत. कंपनीची शिफ्ट सुटली होती, सायकलींचा लोंढा समोरून चालला होता, आणि कुणीतरी ओरडलं, "काय राव, सकाळी सकाळीच?" मला त्याचा राग आला नाही. उलट माणसाचा आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

भीती होती. फार होती. पण त्या दाबण्यात राग नव्हता, हेही मला तेव्हाच कळलं होतं. कुणीतरी मला काहीतरी दाखवत होतं.

५

सुमनताई आणि खंडूभाऊ साडेआठला आले. अंगठ्याचं मी काही बोललो नाही. म्हणालो, "फोड आलेत. ओळीत आलेत. बघा."

खंडूभाऊंनी डोळे बारीक केले. त्यांनी हवेतच हाताने एक चौकोन काढला. "आरं, ह्यो तर पिट हाय! हितंच हुता आपला पिट."

"पिट?"

"गाडीखाली उभं ऱ्हाऊन काम करायचा खड्डा. पायऱ्या हुत्या ह्या अंगाला."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला. "ह्यांनी बुजवला. शेवटच्या वर्षी ह्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या, दम लागायचा. कुणी पडेल म्हणाले. मला आठवणच राहिली नाही सांगायची."

"कशाने बुजवला?"

"फाउंड्रीच्या वाळूनं," खंडूभाऊ म्हणाले. "फुकाट टाकून जात्यात की. समदी एमआयडीसी त्याच्यावर उभी हाय."

आता मला कळलं, आणि कळल्यावर आधीच्या भीतीपेक्षा वेगळी भीती वाटली. फाउंड्रीतली, लोखंड ओतायच्या साच्यांतली जळकी वाळू पिठासारखी बारीक असते, तिला चिकटपणा नसतो. पाणी लागलं की वाट फुटेल तिकडे वाहून जाते. गॅरेजच्या मागे नाला होता. मी लांब फळी आत सरकवली, तिच्यावर पालथा पडून पुढे सरकलो आणि हातोडीच्या दांड्याने ओळींच्या मधे ठोकलं.

रिकामा हंडा वाजतो तसं वाजलं.

"खाली काही नाही, ताई," मी म्हणालो. "कोबा अधांतरी आहे. टेम्पो कसेबसे सोसले त्याने. बस सोसणार नाही. बस वर आणि तिच्याखाली पाठीवर झोपलेले खंडूभाऊ."

खंडूभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदाच विनोद केला नाही.

"उद्या साहेब येणार," ताई हळू म्हणाल्या.

"हो."

"नुसतं पाहून जातील. बस काही उद्याच आणणार नाहीत." हे त्या स्वतःशीच बोलत होत्या. "होकार मिळाला की मग फोडता येईल. नाही का?"

खरं सांगतो, मला त्यांनी तसंच करावं असं वाटलं. माझं पहिलं काम होतं. आरशासारखी जमीन, माझ्या नावाची, आणि मीच तिच्यावर घण घालायचा? फोड घासून टाकले असते तर शनिवारी कुणाला काही दिसलं नसतं. मी तोंड उघडलंसुद्धा, "तसंही चालेल" म्हणायला. पण तो दाब अजून अंगठ्यावर जाणवत होता.

"ताई, साहेब उद्या बस घेऊनच आले तर?"

त्या खाली बसल्या. दारातल्या त्या कोपऱ्यात, मी जिथे बसलो होतो तिथेच. त्यांनी बोटभर लांब उंचवटा पाहिला आणि त्यावर सबंध तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गरम लागतंय," त्या म्हणाल्या.

"इपॉक्सी सुकताना तापतं," मी म्हणालो. थंडीत, एवढ्या पातळ थराला, दुसऱ्या दिवशी ते तापत नाही. पण तसं म्हणालो.

ताई उठल्या. डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. "फोडा," त्या म्हणाल्या.

६

घण खंडूभाऊंनी घातला. दुसऱ्याच घावाला कोब्याचा पाटाएवढा तुकडा गेला. गेला तो गेलाच. आम्ही आवाजाची वाट पाहत राहिलो आणि तो अपेक्षेपेक्षा उशिरा आला, खाली पाण्यात.

खड्डा माणसापेक्षा खोल होता. वाळू नाल्याकडच्या भिंतीतल्या भगदाडातून वाहून गेली होती, तळाशी गुडघाभर काळं पाणी साचलं होतं. वरचा कोबा जेमतेम तीन बोटं जाड होता, त्यात एकही सळई नव्हती. खंडूभाऊंनी ते पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"म्या हितं दीड वरीस झोपून काम केलं," ते म्हणाले.

कडेचे तुकडे मी एकेक करून उचलून बाहेर नेत होतो. एक तुकडा हातात उलटा आला. कोब्याची खालची बाजू खरखरीत असते, वाळूचे कण चिकटलेले असतात. या तुकड्यावर एका ठिकाणी कण नव्हते. तेवढा भाग घासून घासून गुळगुळीत झाला होता, उंबऱ्याचा मधला भाग होतो तसा. दीड वर्षात पाण्याने होत असेल का? एका जागी, अंगठ्याएवढंच? मी दुसरा तुकडा पाहिला. तिसरा पाहिला नाही.

सगळे तुकडे खालची बाजू खालीच ठेवून रचले.

शनिवारी यशवंतराव आले ते खरोखरच बस घेऊन. रुळलेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट. दारात आले आणि जमिनीतल्या त्या भल्यामोठ्या तोंडाकडे पाहून थबकले. मी मनात म्हटलं, संपलं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"काल सापडलं," ताई म्हणाल्या. "काल फोडलं नसतं तर तुम्हाला चकचकीत जमीन दिसली असती आणि आत्ता तुमची बस तिच्यात असती. वीस दिवस द्या. पक्क्या भिंतीचा पिट बांधते. मग पाहा आणि मग हो-नाही म्हणा."

यशवंतराव कडेला जाऊन वाकून पाहून आले. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"आम्ही अंगठा लावून बघतो, साहेब," मी म्हणालो. खोटं काहीच बोललो नाही.

"वीस दिवसांनी एक बस पाठवतो. तिचे ब्रेक करून द्या. ब्रेक चांगले लागले तर बाकीच्या दहा तुमच्या."

७

पिट बांधला. भगदाड बुजवलं, विटांच्या भिंती, पक्क्या पायऱ्या, कडेला लोखंडी पट्टी. उरलेल्या जमिनीवर मी पुन्हा दोन्ही हात मारले. आतून सुरुवात, दाराशी शेवट, कुलूप. दोन्ही सकाळी अंगठा लावला आणि जरा वेळ तसाच ठेवला. काहीच झालं नाही. जमीन काचेसारखी पसरली होती, एकही फोड नव्हता, आणि मला आनंदाबरोबर कसली तरी हुरहूर लागली.

बस आली तेव्हा मी पिटाच्या कडा रंगवत होतो. खंडूभाऊंनी ती अलगद पिटावर घेतली. ब्रेकच्या पट्ट्या, झडपा, सगळं दुपारपर्यंत झालं. शेवटी ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायची राहिली. ते काम दोघांचं असतं. एकाने वर बसून पायाने दाबायचं, दुसऱ्याने खालून नट सैल करायचा, हवा सोडायची, पुन्हा आवळायचा.

"मिस्त्री, उतरा की खाली," खंडूभाऊ ड्रायव्हरच्या जागेवर चढत म्हणाले. "म्या सांगतो तसं करा. पाना ठेवलाय पायरीवर."

"हात धुऊन येतो," मी म्हणालो. हाताला रेझिन होतं, ते ब्रेकला लागून चालणार नव्हतं.

शेडच्या मागच्या नळावर रॉकेलने, मग साबणाने हात धुतले. थंड पाण्याने साबण निघेना, वेळ लागला. परत आलो तेव्हा खंडूभाऊ बसमधून उतरत होते.

"झालं," ते म्हणाले. "बरं जमलं की तुमाला! कोन म्हनंल पयल्यांदा केलं? चारी चाकं. म्या दाबलं म्हनलं की लगीच सैल, सोडतो म्हनायच्या आत घट्ट."

माझ्या कोपरापासून पाणी ठिबकत होतं. त्यांचं लक्ष नव्हतं, ते चिंधीला हात पुसत होते. मी ताईंकडे पाहिलं. त्या दारातल्या टेबलाशी उभ्या होत्या. मी मागून, नळाकडून आलो हे त्यांनी पाहिलं होतं. आमची नजरानजर झाली आणि त्यांनी हलकेच मान हलवली, काही बोलू नका म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर भीती शोधली तर सापडली नाही. इतक्या दिवसांत त्या इतक्या निवांत मला दिसल्या नव्हत्या.

तेवढ्यात यशवंतराव आले आणि बस रस्त्यावर घेऊन गेले. लांबून ब्रेकचा आवाज आला, एकदा, दोनदा, तीनदा. परत आले ते हसतच. "रस्त्याला खिळल्यासारखी उभी राहते. दुसरी बस मी कोपऱ्यावर उभी करून आलोय, लगेच घेता का?"

"घेते," ताई म्हणाल्या.

यशवंतराव दुसऱ्या बसला बोलवायला वळले तेवढ्यात समोरचा चहावाला किटली घेऊन आला. "किती, ताई?"

ताईंनी आमच्याकडे पाहिलं. खंडूभाऊ, मी आणि त्या.

"चार," त्या म्हणाल्या.

"चौथा कुनाला?" खंडूभाऊंनी विचारलं. "सायेब तर गेलं."

"असू दे."

चौथा कप मीच उचलला. पिटाच्या तीन पायऱ्या उतरलो. खाली नवीन चुन्याचा आणि ब्रेक ऑइलचा वास होता, अंधार होता, आणि मी घाई केली नाही. कप पायरीवर ठेवला आणि थंड होऊ नये म्हणून वर बशी झाकली. बाहेर दुसरी बस वळत होती, आणि सुमनताई रस्त्यात उभ्या राहून ड्रायव्हरला दोन्ही हातांनी आत बोलावत होत्या.